वजा दोन

१

माझी वही हरवली नव्हती, हे मला सहा महिन्यांनी एका शोधनिबंधाच्या तिसऱ्या पानावर कळलं.

त्या पानावर एक तक्ता होता. काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनवलेले सहा पदार्थ. प्रत्येकाचा रंग, तो किती टक्के हाती आला, आणि त्याचा द्रवणांक, म्हणजे तो किती अंशांना वितळतो तो आकडा. सहाही पदार्थ माझे होते. चौथ्याचा फिकट पिवळा रंग माझा होता. पाचवा फक्त एकतीस टक्के मिळाला, ते अपयशसुद्धा माझं होतं. तळटीपेत लिहिलं होतं की टरफलं चंदगड तालुक्यातली. ती माझ्या वडिलांनी पोत्यात भरून एसटीनं पाठवली होती. लेखक होते डॉ. राजवर्धन शितोळे, कागलच्या औद्योगिक वसाहतीत नव्यानं उघडलेल्या एका खासगी संशोधन केंद्राचे संचालक. अंतरा गावडे हे नाव कुठंही नव्हतं.

हे पदार्थ लोखंडाला लावले की गंज धरत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना उपयोगी पडावं म्हणून मी त्यावर तीन वर्षं घालवली. दहा जूनला प्रबंध द्यायचा होता. आता तो दिला असता तर चोर मीच ठरले असते, कारण त्यांचं आधी छापून आलं होतं. माझी मूळ वही दिवाळीच्या सुट्टीत कपाटातून नाहीशी झाली होती. जानेवारीत मी सगळं पुन्हा केलं आणि दुसऱ्या वहीत लिहिलं. म्हणजे कागदोपत्री माझं काम जानेवारीतलं ठरत होतं.

निबंधाची प्रत घेऊन मी हेर्लेकर सरांकडे गेले.

डॉ. अंबादास हेर्लेकर आमच्या कॉलेजात छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. ३१ मेला निवृत्त होणार होते. शनिवारी निरोप समारंभ होता आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं मी बोलणार होते. सर उंचीला कमी. खिडकीजवळच्या टेबलापाशी त्यांचं एक स्टूल होतं, त्याचे चारही पाय मल्लाप्पांनी करवतीनं चार बोटं कापले होते. त्यावर बसून सरांनी प्रत तीनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शितोळे," ते म्हणाले. "शनिवारी प्रमुख पाहुणा म्हणून येतोय तो."

"सर, मी काय करू?"

"शोध. पण कुणाचं नाव घ्यायचं तर पुराव्यानं घ्यायचं. मी तुला तेच शिकवलंय ना?"

त्यांनी तेच शिकवलं होतं. वही प्रयोगशाळेबाहेर जात नाही. तिचा मोबाईलवर फोटो निघत नाही. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. आकडा दुरुस्त करायचा असेल तर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, त्याच्यापुढं सही आणि तारीख. मी तीन वर्षं हे पाळलं. फक्त एका बाबतीत पाळलं नव्हतं, आणि ते सरांना माहीत नव्हतं.

२

मल्लाप्पा आमचे प्रयोगशाळा परिचर. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. मी विचारलं तेव्हा ते चंचुपात्रं धूत होते.

"कपाटाची किल्ली दिवाळीत कुणाकडं होती, मामा?"

"माझ्याकडंच की. कमरंला." त्यांनी करगोटा दाखवला. "आंघोळीला पण काढली न्हाय. सर सोडले तर कुणाच्या हातात दिली न्हाय, अक्का."

"कुलूप तोडलं असेल कुणी?"

"तोडलं असतं तर मला दिसलं नसतं व्हय? कुलूप धडधाकट. आत तुझी तेवढी वही गेली, बाकी सगळं जिथल्या तिथं. भूत म्हणायचं काय त्याला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, त्या तीन नंबरचं सरांस्नी अजून सांगितलं न्हाय न्हवं?"

"नाही."

"नको सांगू. शनवारी निरोप हाय. जाताना कशाला माणसाला लागंल असं बोलायचं?"

तीन नंबर म्हणजे सरांचा थर्मामीटर. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या गुरूंनी दिलेला. तो दोन अंश जास्त दाखवायचा. बेंझॉइक आम्ल १२२ अंशांना वितळतं, हा १२४ म्हणायचा. सरांनी तो छत्तीस वर्षं टाकला नाही. "चुकतो, पण किती चुकतो ते मला नक्की माहीत आहे," असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. "असा सोबती टाकायचा नसतो." वहीत दिसेल तोच आकडा लिहायचा आणि पक्की प्रत करताना प्रत्येकातून दोन वजा करायचे. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो फक्त आमच्या प्रयोगशाळेत, तोंडी चालत आला होता.

गेल्या सप्टेंबरात तीन नंबर फुटला. माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या दत्तप्रसाद चौगुलेच्या हातून. मल्लाप्पांनी कागदाच्या कपट्यानं पारा गोळा केला. आम्ही तिघांनी भांडारातून त्याच कंपनीचा नवा थर्मामीटर आणला, जुन्याची '३' लिहिलेली चिकटपट्टी त्याला लावली आणि सरांच्या लाकडी पेटीत ठेवून दिला. हात कापायला लागल्यापासून सर स्वतः द्रवणांक घेत नसत. त्यांना कळलं नाही.

माझे सहाही पदार्थ मी ऑक्टोबरात या नव्या, अचूक थर्मामीटरवर मोजले. वहीत थर्मामीटरचा क्रमांक लिहायचा रकाना असतो. तिथं मी सहा वेळा '३' लिहिलं. प्रबंधात सरळ करू, असं मनाशी म्हटलं होतं.

"मामा," मी विचारलं, "दत्ता नोकरीला लागल्यापासून दिसत नाही."

"दिसंल कसा? जानेवारीत नोकरी लागली त्याला. कागलात." मल्लाप्पांनी चंचुपात्र पालथं घातलं. "त्या शितोळे सायबाकडंच की."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागलला गेले. केंद्राची इमारत हायवेपासून आत, उसाच्या फडाला चिकटून होती. डॉ. राजवर्धन शितोळेंनी मला थांबवून ठेवलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा टाळतील. त्यांनी चहा मागवला.

"गावडे मॅडम, एकाच वेळी दोन ठिकाणी एकच कल्पना सुचते. इतिहासात शंभर उदाहरणं आहेत."

"पाचवा पदार्थ एकतीस टक्केच मिळतो, हेही दोन ठिकाणी सुचतं?"

"निसर्ग सगळीकडं सारखाच कंजूष आहे." ते हसले. "तुमच्याकडं वही आहे का? तारखेची? नाही ना. मग आपण कशावर बोलतोय?"

"वही नाही हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी बशीत चहा ओतला नव्हता, तरी बशी उचलून खाली ठेवली. "कोल्हापूर केवढं आहे? कळतं. चला, आमची प्रयोगशाळा दाखवतो. तुमच्यासारख्या मुली इथं हव्यात."

प्रयोगशाळा देखणी होती. द्रवणांक मोजायला छोट्या पडद्याचं यंत्र होतं, ते दशांशापर्यंत आकडा दाखवत होतं. शितोळेंनी उत्साहानं दुसऱ्याच कुठल्या रसायनाचा नमुना लावून दाखवला: ८४.३ ते ८५.१. मी टिपून घेतलं, सवयीनं. त्यांचं शिक्षण कुठं झालं ते विचारलं. सगळं पुण्यात. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाय ठेवलाय का? "अजून नाही. शनिवारी योग आहे."

बाहेर पडताना खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलापाशी माझा पाय कशाला तरी अडखळला. स्टूल होतं. कोऱ्या सागवानाचं, अजून पॉलिशचा वास येणारं, आणि बाकी सगळ्या स्टुलांपेक्षा चार बोटं बुटकं.

"हे एवढंसं कुणाचं?" मी विचारलं.

"येणार आहेत एकजण," शितोळे म्हणाले. "एक जूनपासून."

मी ऐकलं. पण त्या वेळी माझं लक्ष काचेपलीकडं होतं. तिथं पांढरा कोट घातलेला दत्ता मला पाहून पाठमोरा झाला होता.

४

त्याला मी फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर गाठलं.

"आलीस? म्हटलं येणारच." दत्ता माझ्याकडं न बघता म्हणाला. "पेपर मी बी वाचलाय. आता म्हण, दत्त्यानं चोरली. सगळं गाव म्हणंल, तू बी म्हण की!"

"चोरलीस?"

"आयला, तोंडावर इचारतीया." तो वळला. डोळे लाल होते. "तीन वर्सं एका बर्नरवर चहा करून प्यालोय आपण. तुझी वही चोरून मी काय खाणार होतो?"

"नोकरी."

"नोकरी मला जानेवारीत लागली. पेपरच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात तारीख असती, संपादकांकडं कधी पोचला ती. बघितलीस? वीस नोव्हेंबर. तवा मी शितोळेचं नाव बी ऐकलं नव्हतं. नोकरीची चिठ्ठी सरांनीच दिली मला. म्हणाले, जाऊन भेट, माझा शब्द आहे."

"सर शितोळेंना ओळखतात?"

"ओळखत असतील की. सरांस्नी कोण ओळखत न्हाय?" त्यानं गाडीवाल्याला दोन बोटं दाखवली, दोन चहा. "एक सांगू? तो तक्ता बघून मला पयल्यांदा हसू आलं. म्हटलं, अंतीनं आकडे चुकवले काय? चौथा ११६ लिहिलाय. तुझा ११८ आलता. मी शेजारीच होतो, मीच बर्नर धरलाता."

चहाचा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला.

"दत्ता, परत सांग."

"११८. नव्या थर्मामीटरवर. का गं, काय झालं?"

५

द्रवणांकाच्या रकान्याकडं मी नीट पाहिलंच नव्हतं. रंग आणि टक्के पाहूनच मला माझं काम ओळखू आलं होतं.

कॉलेजात परतल्याबरोबर मी नमुन्यांच्या बाटल्या काढल्या. त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझे ऑक्टोबरातले आकडे होते. पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नव्हता, चिठ्ठी काय आजही लिहून चिकटवता येते. पण मला ताडून बघायला त्या पुरेशा होत्या. सहाही पदार्थ मी पुन्हा वितळवून पाहिले आणि निबंध शेजारी ठेवला.

माझे आकडे: ९३, १०१, ८७, ११८, ७९, १०६. निबंधातले: ९१, ९९, ८५, ११६, ७७, १०४.

प्रत्येक ठिकाणी बरोबर दोनचा फरक.

शितोळेंनी हे पदार्थ स्वतः बनवून मोजले असते, तर त्यांच्या यंत्रानं दशांश दाखवला असता. फरक कुठं अर्धा, कुठं दीड आला असता. नुसती वहीची नक्कल केली असती, तर फरक आलाच नसता. सहाच्या सहा ठिकाणी नेमका दोन, याचा अर्थ कुणीतरी माझी वही उघडली, '३' हा क्रमांक पाहिला आणि प्रामाणिकपणे दुरुस्ती केली. जी दुरुस्ती करायची गरज नव्हती.

म्हणजे त्या माणसाला वजा दोनचा नियम ठाऊक होता. शितोळेंना तो ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आणि त्याच माणसाला तीन नंबर फुटल्याचं ठाऊक नव्हतं. दत्ताला ते ठाऊक होतं, त्याच्याच हातून फुटला. मल्लाप्पांना ठाऊक होतं, त्यांनी पारा वेचला.

सरांचे जुने विद्यार्थी उरले. ते गावोगावी पसरलेत, आणि नियम सगळ्यांना पाठ आहे. पण कुलूप तुटलं नव्हतं. किल्ली मल्लाप्पांच्या कमरेला होती आणि ती त्यांनी कुणाच्याही हातात दिली नव्हती, सर सोडले तर. हे वाक्य मी काल ऐकलं होतं आणि त्याचा शेवटचा तुकडा कानाआड केला होता. 'सर सोडले तर' हे आमच्याकडं सगळेच म्हणायचे. दिवाळीत कोण आलं होतं? कुणी नाही, सर सोडले तर. वहीला कुणी हात लावतं का? नाही, सर सोडले तर. त्यांना आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

खिडकीजवळ कापलेल्या पायांचं स्टूल होतं. तसलंच कागलला, कोरं. एक जूनपासून.

मी आकडेमोड चार वेळा तपासली. चुकावी असं वाटत होतं. चुकली नाही.

६

शुक्रवारी दुपारी सर एकटेच प्रयोगशाळेत होते, पुस्तकं खोक्यात भरत. मी बर्नर पेटवला, तेलाची नळी लावली, चौथ्या पदार्थाची केशनळी लाकडी पेटीतल्या थर्मामीटरला बांधली.

"हे काय आता?"

"एक आकडा घ्यायचाय, सर. तुम्ही वाचाल का? मी आच धरते. शेवटचा."

ते खूश झाले. स्टूल ओढून जवळ बसले, चष्मा कपाळावर सरकवला. पारा चढत गेला. नळीतली पिवळी पूड ओलसर झाली आणि एकदम पाण्यासारखी झाली.

"एकशे अठरा," सर म्हणाले. आणि श्वासही न घेता पुढं म्हणाले, "म्हणजे एकशे सोळा."

मी बर्नर बंद केला.

"शितोळेंनीही एकशे सोळाच लिहिलंय, सर."

"मग? बरोबरच आहे."

"नाही. हा तीन नंबर नाही. तो सप्टेंबरात फुटला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही सांगितलं नाही. हा नवा आहे, बेंझॉइक १२२ ला दाखवतो. वजा करायचं काहीच नव्हतं."

सर थर्मामीटरकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला, चिकटपट्टीवरचा '३' अंगठ्यानं चाचपला. त्यांना सगळं कळायला फार तर दहा सेकंद लागले. ते आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होते.

"कुणी फोडला?"

"सर!"

"हं." त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुझं नाव दुसरं घालणार म्हणाला होता शितोळे. मी स्वतःचं नको म्हटलं होतं, तुझं घाल म्हटलं होतं. घातलंच नाही, ते छापून आलं तेव्हा कळलं."

"मी प्रत आणून दिली तेव्हा तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला म्हणालात, शोध."

बाहेर कुणीतरी समारंभासाठी खुर्च्या ओढत होतं.

"एका टेबलासाठी?" मी विचारलं.

"छत्तीस वर्षं, अंतरा. सकाळी आठला मी या टेबलापाशी असतो. एक जूनला सकाळी आठला मी काय करायचं? बागेत फिरायचं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तो म्हणाला, जागा देतो, खिडकीजवळ देतो, पण पहिल्या वर्षी केंद्राच्या नावावर काहीतरी दिसायला हवं. तुझं वय आहे. मला वाटलं तू पुन्हा करशील. नवे पदार्थ, नवे आकडे."

"मी पुन्हा केलं, सर. आकडे तेच आले."

त्यांनी मान हलवली, विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशीच. मग खोक्याच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. माझी वही.

"जाळून टाक म्हणाला होता तो. वही जाळायची म्हणजे..." ते थांबले. "उद्या बोलणार आहेस ना?"

"माझ्या जागी दुसऱ्या कुणाला सांगा."

"आणि संपादकांना कधी लिहिणार? सोमवारी लिहिलंस तर? उद्याचा एक दिवस."

त्यांनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी वही उचलली आणि खाली पायऱ्यांवर येऊन बसले.

पानं सगळी होती, तारखांसकट. द्रवणांकाच्या पानावर मी थांबले. माझ्या प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीची एकच बारीक रेघ होती. शेजारी कापऱ्या अक्षरात दोननं कमी केलेला आकडा. त्यापुढं सही, अं. हे., आणि तारीख, १४ नोव्हेंबर. सहा वेळा. निबंध पोचायच्या सहा दिवस आधीची तारीख. याहून मोठा पुरावा मला कुठंही मिळाला नसता. वही देताना ही पानं त्यांना आठवत होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही.

मी फोन काढला. वहीचा फोटो काढायचा नाही, हा नियम त्या दिवशी मी पहिल्यांदा मोडला. संपादकांना पत्र लिहिलं, विद्यापीठाला त्याची प्रत लावली. पाठवलं तेव्हा सव्वाचार वाजले होते. शुक्रवारीच.

मग पेन उघडलं. थर्मामीटरच्या रकान्यातल्या सहाही '३' वर एकेक रेघ मारली, शेजारी 'नवा, दुरुस्ती शून्य' असं लिहिलं, आणि प्रत्येकापुढं सही करून त्या दिवसाची तारीख घातली.